सेरिंगापटम: टिपूसाठी बांधलेलं जहाज देवमाशांच्या मागे

तांडेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर एका जहाजाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर राहतो. जवळच हार्टलपूलला ‘त्रिंकोमाली’ नावाची जुनी फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची शिडाची युद्धनौका, जपून ठेवली आहे. 1817 साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली. खालच्या डेकवर उंच माणसाला ताठ उभं राहता येत नाही. मागच्या हिवाळ्यात तिथे वाकून चालताना तोल गेला आणि मी वरच्या तुळईला हात लावला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हाताला मात्र आजोळच्या माजघरातल्या तुळईचा तोच गुळगुळीत, किंचित तेलकट स्पर्श. सागवान. 200 वर्षं होऊन गेली आणि लाकूड ठणठणीत.

त्या दिवसापासून हिंदुस्थानी सागाच्या जहाजांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि ‘सेरिंगापटम’पाशी येऊन थांबलो. त्रिंकोमालीपेक्षा वयाने मोठं आणि आकाराने बरंच लहान, 357 टनांचं. डेव्हिड पोर्टर नावाच्या अमेरिकन कप्तानाने आपल्या रोजनिशीत नोंदवलंय की हे जहाज टिपू सुलतानासाठी युद्धनौका म्हणून बांधलेलं होतं. साल 1799. त्याच वर्षी 4 मे रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. जहाज विकलं गेलं, इंग्लंडला गेलं, आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनी ते घेतलं देवमाशांच्या शिकारीसाठी! ज्याचं राज्य बुडालं त्याच्याच राजधानीचं नाव, तेही इंग्रजांच्या तोंडी बसलेलं, त्याच्या जहाजावर कोरलं गेलं.

लढाऊ जहाज शिकारीला कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. कारण साधं आहे. लंडनहून निघायचं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नचा वळसा घालायचा आणि पॅसिफिकमध्ये दोन-तीन वर्षं घालवून परत यायचं. असल्या सफरीला अंगाने भक्कम जहाज लागतं. त्यात फ्रान्स आणि स्पेनशी युद्ध सुरू, म्हणजे तोफांचं वजन पेलणारा डेक असला तर उत्तमच. सेरिंगापटमवर 14 तोफा होत्या.

शिकार व्हायची ती मुख्यतः स्पर्म व्हेलची. जहाज लांब थांबायचं आणि छोट्या होड्या पाण्यात उतरायच्या. एका होडीत सहाएक माणसं. देवमाशाच्या अगदी अंगाला होडी भिडवायची आणि दोर बांधलेला हार्पून, म्हणजे काटेरी भाला, मारायचा. मग ते जनावर होडी ओढत नेईल तिकडे जायचं. मेलेला देवमासा जहाजाच्या कुशीला बांधायचा आणि त्याची चरबी सोलून वर घ्यायची. ती कढवायला डोलकाठ्यांच्या मध्ये चक्क विटांची भट्टी बांधलेली असे. लाकडी जहाजावर, भर समुद्रात, पेटती भट्टी! डेकला आग लागू नये म्हणून भट्टीखाली पाण्याचा हौद ठेवत. सरपण म्हणून चरबीच्याच कढवून उरलेल्या चोथ्याचा उपयोग करत. डोक्यातला मेणासारखा पदार्थ बादल्यांनी उपसून वेगळा भरायचे, कारण त्याच्या मेणबत्त्या सगळ्यांत चांगल्या जळत. बाकीचं तेल दिव्यांना आणि यंत्रांना. लंडनच्या रस्त्यांवरचे दिवे अशा तेलावर जळत होते.

अशा सहा सफरी सेरिंगापटमने केल्या. मग 1812 साली अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध पेटलं.

1813 च्या सुरुवातीला पोर्टर ‘एसेक्स’ ही फ्रिगेट घेऊन केप हॉर्न ओलांडून पॅसिफिकमध्ये आला. इथे ब्रिटिश शिकारी जहाजं एकटीदुकटी फिरायची. गॅलापागोसमधल्या एका बेटावर शिकारी लोकांनी टपालासाठी पिंप ठेवलं होतं. येणाऱ्याने आपली पत्रं टाकायची, परतीच्या जहाजाने ती घेऊन जायची. पोर्टरने आधी ते पिंप तपासलं. कोणती जहाजं या भागात आहेत, तेल किती जमलंय, सगळं त्या पत्रांत आयतं मिळालं. एकेक करत त्याने बाराएक जहाजं धरली. पकडलेल्यांपैकी चांगल्यांवर तोफा चढवून स्वतःचाच ताफा उभा केला.

14 जुलै 1813 ला गॅलापागोसजवळ तीन जहाजं दिसली: चार्ल्टन, न्यू झीलंडर आणि सेरिंगापटम. एसेक्स एकीच्या मागे लागली. सेरिंगापटमला अडवायला सरसावलं ते ‘ग्रीनविच’. हे आधी पकडलेलं शिकारी जहाज, आणि त्यावर हुकूम चालवत होता जॉन गँबल. हा नौदलाचा अधिकारी नव्हेच, मरीन सैनिकांचा लेफ्टनंट. पोर्टरकडे इतकी जहाजं झाली होती की ती चालवायला अधिकारी पुरत नव्हते. दोन्ही जहाजांनी एकमेकांवर तोफा डागल्या. सेरिंगापटमने निशाण उतरवलं, पण संधी दिसताच पळायचा प्रयत्न केला. अखेर सापडलं.

पोर्टरला या शिकारीचा सगळ्यात जास्त आनंद झाला आणि त्याला कारण होतं. सेरिंगापटमचा कप्तान स्टॅव्हर्स फक्त देवमासे मारत नव्हता. त्याने एक अमेरिकन शिकारी जहाजही पकडलं होतं. शत्रूची जहाजं पकडायला सरकारी परवाना लागतो, तो दाखव म्हटल्यावर कप्तानाचा चेहरा पडला. अर्ज केला होता, परवाना हातात आलेला नव्हता. परवान्याशिवाय जहाज पकडणं म्हणजे चाचेगिरी. पोर्टरने त्याला बेड्या ठोकल्या. पकडलेल्या दुसऱ्या जहाजाच्या तोफा सेरिंगापटमवर चढवून एकूण 22 केल्या. शिकारी जहाज पुन्हा लढाऊ झालं, आता अमेरिकन निशाणाखाली.

ऑक्टोबरमध्ये पोर्टर सगळा ताफा घेऊन पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांतल्या नुकू हिवाला गेला. डागडुजी झाली, किल्ला उभा राहिला. डिसेंबरात एसेक्स घेऊन तो निघाला आणि मागे गँबलला ठेवलं. तीन जहाजं, जेमतेम वीसेक माणसं, त्यात काही कैदी. पोर्टर परत येईल या भरवशावर महिने गेले. तो येणार नव्हता. 28 मार्च 1814 ला चिलीच्या वालपरायसो बंदराजवळ ब्रिटिशांच्या ‘फीबी’ आणि ‘चेरब’ या दोन जहाजांनी एसेक्सला गाठून पाडाव केलं होतं. नुकू हिवावर ही बातमी पोचायला मार्गच नव्हता.

7 मे 1814 ला बंड झालं, तेही सेरिंगापटमवर. गँबलला आणि त्याच्या बाजूच्या माणसांना बांधून घातलं. त्या गोंधळात पिस्तुलाची गोळी त्याच्या पायात गेली. बंडखोरांनी इंग्रजी निशाण चढवलं, गँबलला गळक्या होडीत बसवून सोडून दिलं आणि जहाज घेऊन पश्चिमेला निघाले. थेट ऑस्ट्रेलियात, पोर्ट जॅक्सनला, म्हणजे सिडनीच्या बंदरात.

तिथून ते इंग्लंडला गेलं आणि काय केलं? पुन्हा देवमासे! 1815 ते 1846 दरम्यान आणखी नऊ सफरी. टिपू गेला, नेपोलियन गेला, समुद्रावर वाफेची जहाजं धावू लागली आणि हे शिडावरच पॅसिफिक पालथं घालत होतं.

आपल्याकडे या जहाजाबद्दल कुणी बोलताना ऐकलं नाही, म्हणून हा प्रपंच. कुणाला भर घालता आली तर जरूर घाला.

मीनाक्षी_पुणे

तांडेल, एका दमात वाचून काढलं. गँबलचं पुढे काय झालं ते सांगा ना. पायात गोळी आणि गळकी होडी, एवढ्यावर सोडू नका.

तांडेल

मीनाक्षीताई, त्याच्यावर खरं तर वेगळा धागा काढायला हवा. होडीतलं पाणी उपसत तो ग्रीनविचवर पोचला. दोनच दिवसांनी बेटावरच्या लोकांनी हल्ला केला, त्यात फेल्टस नावाचा तरुण मिडशिपमन (शिकाऊ नौदल अधिकारी) आणि आणखी काही जण मारले गेले. उरली गँबल धरून आठ माणसं, त्यातली बरीच जखमी किंवा आजारी. ग्रीनविच त्यांनी स्वतःच पेटवून दिलं आणि ‘सर अँड्र्यू हॅमंड’ या तिसऱ्या जहाजाचा दोर कापून निघाले. जवळ नकाशा नाही, तरी हवाईला पोचले. पण पुढे ‘चेरब’ने गाठलं आणि ते कैदी झाले. एसेक्सला पाडणाऱ्या दोघांतलंच हे चेरब.

रघुनाथ_दा

एसेक्स म्हणजे तेच ना, ज्याला देवमाशाने धडक देऊन बुडवलं?

तांडेल

नाही दादा, नावामुळे खूप जणांचा हा घोटाळा होतो. देवमाशाने बुडवलेलं एसेक्स हे अमेरिकेतल्या नँटकेटचं शिकारी जहाज, घटना 20 नोव्हेंबर 1820 ची. पोर्टरचं एसेक्स ही लढाऊ फ्रिगेट. ती तोवर ब्रिटिशांच्या ताब्यात जाऊन सहा वर्षं झाली होती.

असाच घोटाळा सेरिंगापटमचाही होतो. ब्रिटिश नौदलाची याच नावाची 46 तोफांची फ्रिगेट 1819 मध्ये मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. तिच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, पुतळा ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. रुख या दंतकथेतल्या अजस्र पक्ष्यावर बसलेला टिपू, हातात छत्री. तो पुतळा आपल्या शिकारी जहाजाचा नव्हे, ही चूक मीही सुरुवातीला केली होती.

पुरावा

लेख आवडला. तरी एक शंका स्पष्ट मांडतो. टिपूसाठी बांधलं याला आधार काय? पोर्टरने हे लिहिलं ते जहाज बांधून 14 वर्षं झाल्यावर, तेही पकडलेल्या खलाशांकडून ऐकून. पकडलेलं जहाज जितकं नामांकित तितकी पकडणाऱ्याची शान मोठी. 357 टन म्हणजे युद्धनौका म्हणून फार मोठी नव्हे. आणि काही ठिकाणी या जहाजाचा जन्म मुंबईचा सांगतात. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीची. टिपूचं लढाऊ जहाज कंपनीच्या गोदीत बांधलं जाणं शक्यच नाही.

तांडेल

शंका रास्त आहे, आणि मुंबईच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा. टिपूसाठी असेल तर ते कानडा किनाऱ्यावरच बांधलं गेलं असणार.

बाकी माझं म्हणणं असं. पोर्टर शेखी मिरवणारा होता हे खरं, पण जहाजाकडे बघायची त्याची नजर जाणत्या खलाशाची होती. त्याने इतकी जहाजं पकडली, पण प्रत्येकाला राजाचं जहाज म्हटलं नाही. चार्ल्टन तर जुनं आणि मंद म्हणून कैद्यांना देऊन टाकलं. सेरिंगापटमची बांधणी आणि वेग पाहून त्याने ते वेगळं काढलं. टिपूची आरमार उभारायची धडपडही कागदावर आहे. 1796 च्या त्याच्या हुकुमात 40 जहाजांची योजना आहे, 20 मोठी आणि 20 फ्रिगेटी. म्हणजे 1799 मध्ये त्या किनाऱ्यावर टिपूची अर्धीमुर्धी जहाजं उभी असणं अगदी जुळतं. आकाराचा मुद्दा राहतोच. योजनेतली फ्रिगेट याच्यापेक्षा मोठी होती, तेव्हा हे त्या 40 पैकी म्हणून मी म्हणणार नाही.

काळीकाठ

टिपूच्या त्या हुकुमावरून मला राहवलं नाही. मी कारवारचा. त्या योजनेत जहाजं बांधायच्या तीन जागा दिल्या आहेत. एक मंगळूरजवळ, एक मध्ये कानडा किनाऱ्यावर आणि तिसरी आमच्या सदाशिवगडला. टिपूने तिला माजिदाबाद नाव दिलं होतं. शाळेत आम्हाला सदाशिवगड म्हणजे सोंदेकरांचा किल्ला आणि शिवाजी महाराजांची स्वारी एवढंच शिकवलं. जहाजांचं कुणी बोललं नाही.

जागा मात्र चोख निवडली होती. काळी नदी दांडेलीच्या जंगलातून येते, आणि दांडेलीचा साग अजून नावाजलेला आहे. नदीच्या मुखाशी गड, आत वाऱ्यापासून आडोसा. लाकूड पाण्यातूनच खाली आणता येईल.

सुताराचा_पोर

धागाकर्त्याने तुळईला हात लावल्याचं लिहिलंय तिथेच मी अडकलो. माझे बाबा वेंगुर्ल्याकडे होड्या बांधायचे, आजोबाही तेच. सागाबद्दल थोडं सांगतो.

सागाच्या गाभ्यात तेल असतं. त्यात ठोकलेला लोखंडी खिळा त्या तेलाने जपला जातो. बाबांनी एकदा मोडीत काढलेल्या जुन्या होडीचा खिळा उपटून माझ्या हातावर ठेवला होता. वरचं डोकं गंजून पापुद्रे सुटलेले, पण लाकडाच्या आत होता तेवढा भाग निळसर काळा आणि गुळगुळीत. कापडाने पुसला तर कापडाला तेल लागलं. तीस-पस्तीस वर्षं तो खाऱ्या पाण्यात होता. इंग्लंडच्या ओक लाकडात आम्ल असतं, ते लोखंड खातं. जहाज फुटतं ते पुष्कळदा लाकूड कुजून नव्हे, खिळे सुटून.

फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून वर राळ लावायची. ते काम दर एक-दोन वर्षांनी नव्याने करावं लागतं. सफरीत असताना तेही खलाशांनाच करावं लागलं असेल. आणि साग असला तरी समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा असतोच, म्हणून मोठ्या जहाजांना खालून तांब्याचा पत्रा मारत.

सुमारे 47 वर्षं हे जहाज पाण्यावर होतं. ते ज्यांनी बांधलं त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे नाही याचं मला वाईट वाटतं. वाडियांची नावं तरी राहिली.

तांडेल

तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. खिळ्याची ही गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नसती. बाबांना माझा नमस्कार सांगा.

सिडनीकर_वैदेही

मी सिडनीत राहते, रोज सर्क्युलर कीहून फेरी पकडते. 1814 मध्ये याच बंदरात बंडखोरांनी ते जहाज आणून लावलं असणार. तेव्हा मॅक्वारी गव्हर्नर होता आणि हे गाव म्हणजे कैद्यांची वसाहत. पकडून नेलेलं ब्रिटिश जहाज ब्रिटिशांनीच परत आणलं, म्हणजे आणणारे चोर की शूर, असा पेच तिथल्या अधिकाऱ्यांना नक्की पडला असेल. त्यांत अमेरिकन नौदल सोडून पळालेलेही होते.

उद्या सकाळी फेरीवर उभी राहीन तेव्हा मला ते शिडाचं जहाज दिसणार, हे आत्ताच कळतंय.

अश्विनी_क

मला या सगळ्यात नुकू हिवाचे लोक राहून गेल्यासारखे वाटले. पोर्टर तिथे नुसती डागडुजी करून गेला नाही. एका खोऱ्यातल्या लोकांची बाजू घेऊन तो दुसऱ्यांशी लढला, ताईपी लोकांची गावं जाळली. 19 नोव्हेंबर 1813 ला बेट अमेरिकेचं झालं असं परस्पर जाहीर करून टाकलं, त्याला ‘मॅडिसन बेट’ नावही दिलं. अमेरिकन काँग्रेसने ते कधी मान्य केलं नाही. गँबलच्या माणसांवर हल्ला झाला त्याला ही पार्श्वभूमी आहे. ‘बेटावरच्या लोकांनी हल्ला केला’ एवढंच लिहिलं की ते उगाच उठून आले असं वाटतं.

तांडेल

अश्विनीताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. जहाजाच्या मागे लागलो आणि किनाऱ्यावरची माणसं सुटली. मूळ लेखात बदल करत नाही, म्हणजे तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ राहील. वाचणाऱ्यांनी दोन्ही एकत्र वाचावं.

गॅलापागोसच्या कासवांचंही तसंच. शिकारी आणि लढाऊ दोन्ही जहाजं ती शेकड्यांनी उचलून तळाशी रचून ठेवत, कारण अन्नपाण्यावाचून ती कित्येक महिने जगत. हवं तेव्हा ताजं मांस. एका जहाजाने एसेक्सपुढून पळताना डेक मोकळा करायला कासवं समुद्रात फेकली. पोर्टरच्या लोकांना ती काही दिवसांनी तशीच तरंगताना मिळाली.

निवती

देवमाशांबद्दल एक. आपल्याकडे अधूनमधून बातमी येते, ‘व्हेल माशाची उलटी’ विकताना अमुक जण पकडले. ते अंबर याच स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. उलटी हा नुसता रूढ झालेला शब्द, खरं तर ते बहुधा विष्ठेबरोबर बाहेर पडतं. वन्यजीव कायद्याने ते बाळगणंसुद्धा गुन्हा आहे.

आणि 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं. मी तेव्हा तिथे होतो. लोक ओळीने बादल्या घेऊन त्याच्या अंगावर पाणी ओतत होते, ओल्या गोणपाटाने झाकत होते. त्याने श्वास सोडला की आम्ही सगळे एकदम गप्प व्हायचो. पाण्यात सोडलं, पण पुढे ते गेलंच. भट्टी आणि बादल्यांचं वर्णन वाचताना मला त्या बादल्या आठवल्या.

मीनाक्षी_पुणे

निवती, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

काळीकाठ

तांडेल, दिवाळीत गावी जाणार आहे. सदाशिवगडाखाली नदीच्या कडेने चालत जाऊन फोटो टाकतो. नेमकं काय बघू?

तांडेल

ओहोटीला जा. जहाज बांधून पाण्यात ढकलायला सावकाश उतरणारा, घट्ट जमिनीचा काठ लागतो, आणि पुढे लगेच खोल पाणी. असा काठ गडाच्या आतल्या अंगाला कुठे आहे तेवढं बघा. आणि तिथल्या जुन्या मच्छीमारांना विचारा, त्यांच्या होड्या ते अजून कुठे ओढून घेतात.

सुताराचा_पोर

काळीकाठ, जाण्याआधी मला निरोप करा. बाबा यायचं म्हणतायत.